मडक्याला पाणी, इन्सुलिनला बर्फ

शिरूर कासार,
उन्हाळा (तारीख कळून काय करशील, इथे सगळे दिवस सारखेच)

प्रिय शिवकांता,

सप्रेम नमस्कार. तुझे गुडघे, भावजींचा रक्तदाब आणि लातूरचे नळ, सर्वांची प्रकृती कशी आहे? माझी विचारू नकोस, नुसतं ऐक.

मी इन्सुलिनवर जगते, हे तुला ठाऊक आहे. इन्सुलिन म्हणजे प्रथिन, नीट घडी घातलेली साखळी. उष्णता लागली की घडी विस्कटते, आणि विस्कटणं निसर्गाला मनापासून आवडतं. (जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं, पण एन्ट्रॉपी यापेक्षा सोपी करून सांगता आली नाही.) वीज नसल्याने फ्रिजचं कपाट झालंय. म्हणून कुप्या मडक्यात ठेवल्या, त्याला ओलं फडकं गुंडाळलं. पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं, शास्त्र निर्दोष. पण टँकरच्या रांगेतून शेजारची छबुबाई ओरडली, "बाई, लेकरांना प्यायला न्हाई अन् तुमी मडक्याला पाजता?" थर्मोडायनॅमिक्सने लेकरांची तहान भागत नाही. मी फडकं सोडलं.

मग दूध सोसायटीचा चेअरमन मन्मथप्पा मदतीला आला (माझाच विद्यार्थी, म्हणजे दोष माझाच). गुरं चारा छावणीत, दूध नाही, तरी शीतकरणाचं यंत्र जनरेटरवर चालू. संचालक मंडळाची इभ्रत नासू नये म्हणून. न उघडलेल्या सगळ्या कुप्या त्याच्या स्वाधीन केल्या, दोन ते आठ अंश असं बजावलं. दुसऱ्या दिवशी स्वारी हसत हजर. "बाई, तुमच्या औषधाला साधी जागा कशी दिवावी? बर्फाच्या टाकीतच ठिवलं. दगड झालाय, आता वरीसभर टिकंल!"

मी एक कुपी उजेडात धरून पाहिली आणि डोळ्यांना पदर लावला. गोठलं तरी ती घडी मोडतेच.

"रडता कावून? उन्हात ठिवतो, पह्यल्यासारखं व्हईल."

उकडलेलं अंडं गार पाण्यात टाकून कच्चं होतं का रे, मी विचारलं. तो खिशातलं पेन काढून म्हणाला, "सभेत ठराव मांडू का?"

कुणापुढे हात पसरायचा नाही, हे आपल्याला कॉन्व्हेंटात सिस्टरांनी शिकवलं. मी खंबीर आहे. काळजी नसावी.

तुझी,
केशर

ता. क. : वापरात असलेली एक कुपी तेवढी उरली आहे, शनिवारपर्यंत पुरेल. इथल्या औषधाच्या दुकानात नवी मिळते, पण त्यांचा फ्रिज उघडून पाहिला. आत मालकाचा जेवणाचा डबा घामाघूम झाला होता.

ता. क. २ : तुझ्या फ्रिजचा एक कप्पा रिकामा कर. लोणची बाहेरही टिकतात. आणि फ्रिजशेजारी एक खाट मावेल का, तेही पाहा. मी घोरते, हे भावजींना आधीच सांगून ठेव. शुक्रवारच्या एसटीने निघते आहे.