घरपोच प्रसाद

॥ श्री ॥
तुळजापूर, ३ फेब्रुवारी २०२५

चि. निवेदितास अनेक आशीर्वाद.

फोनवर काही बोलू नका म्हणालीस, म्हणून कागद काढला. जाळलेल्या गावांच्या वतीनं तू हेगच्या कोर्टात त्या सेनापतीविरुद्ध उभी राहणार, हे कळल्यापासून तुझी आई देवघरातून उठत नाही. मी मात्र छाती फुगवून हिंडतो. लहानपणी भांडण झालं की समोरच्या पोरीचीही बाजू तूच मांडायचीस. औरंगाबादला कायदा शिकलीस, परदेशात त्यातच डॉक्टरेट घेतलीस, आता न्यायाधीश तुझी पुस्तकं वाचतात. मीही उशाशी घेतो; झोप छान लागते.

काल विजयपूरकडचे शरणबसप्पा म्हणून एक गृहस्थ आले. अभिषेक केला, आपल्याकडंच जेवले. तुझं फार कौतुक करत होते. आठवड्यात हेगला जाणार म्हणाले, म्हणून तुझ्यासाठी कवड्यांची माळ आणि कुंकू दिलं. देवीचा प्रसाद कचेरीत टाकायचा नसतो, घरी न्यायचा असतो. तेव्हा नव्या घराचा पत्ताही दिला. कुणाला सांगू नका म्हणाली होतीस, ठाऊक आहे. पण आपण पुजारी माणसं. पूजेला दारी आलेल्या यजमानाला नाव-गाव विचारतो, हेतू विचारत नाही.

माळ मिळाली की कळव.

तुझे बाबा

हेग, १५ फेब्रुवारी

ती. बाबांस, शि. सा. न. वि. वि.

माळ मिळाली. परवा कोर्टातून घरी आले तर दाराचं कुलूप जसंच्या तसं होतं. आत देव्हाऱ्यापुढं माळ नीट मांडलेली, शेजारी कुंकवाची पुडी उघडी. पोलीस येऊन गेले. मी दुसरीकडं राहायला गेले आहे. कुठं ते तुम्हालाही सांगत नाही, पत्र कचेरीच्या पत्त्यावर धाडा. रागावून नव्हे, बाबा.

आमचे दोन साक्षीदार अशाच धमक्यांनी आधीच मागं फिरलेत. मीही फिरले, तर त्या गावच्या बायकांचं कोण ऐकणार? सुनावणी ३ मार्चला आहे. मला माझी भीती वाटतेच, पण तुमची जास्त वाटते. आईला घेऊन सोलापूरला मामाकडं जा. तो माणूस पुन्हा आला तर दार उघडू नका. आणि खरं सांगा. सोड म्हणालात, तर खटला सोडते.

आईला नमस्कार. माया असू द्या.

निवेदिता

॥ श्री ॥
तुळजापूर, २४ फेब्रुवारी

चि. निवेदितास आशीर्वाद.

पत्र मिळालं. तुझ्या घराची वाट मीच दाखवली, पोरी.

तुझ्या आईला सोलापूरला धाडलं. मी राहिलो. देवीपुढं सेवेची पाळी माझी आहे, ती टाकून जाता येत नाही. तिकडची सेवा तुझ्याकडं आली आहे. तीही टाकू नकोस. घाबरत उभी राहिलीस तरी चालेल.

हे लिहितोय तोवर शरणबसप्पा आलेत. दार उघडंच होतं. ओसरीवर बसलेत, लेकीला आणखी काही धाडायचं का म्हणतात. हे पत्र मागच्या दारानं शेजारच्या प्रतीक्षाकडं देतो, ती पोस्टात टाकील. मग बाहेर जाऊन त्यांच्यासमोर बसतो. आपल्या घरात आजवर कुणी यजमानाला विचारलं नाही, ते आज विचारणार आहे.

माझी माया आहे, तशीच तुझ्यापाशी राहील.

तुझे बाबा