चार तास कुणाच्या नावावर

प्रिय आपा,

हे असं फोन कापायचं तू कुणाकडून शिकलीस? अम्मीकडून तर नाही, ती समोरच्याला चहा देऊन मग भांडते. ‘आधी म्हणालास गप्प बस, आता म्हणतोस खरं सांग, तुझं डोकं उन्हानं फिरलंय,’ एवढं बोललीस आणि फोन बंद. परत लावला तर तुझ्या निदानं उचलला नि म्हणाली, मम्मी काजूच्या कारखान्यात गेली. रात्री आठ वाजता कुठला काजूचा कारखाना चालू असतो गं? पोरीला खोटं बोलायलाही धड शिकवलं नाहीस. म्हणून लिहून पाठवतोय. फाडायचं तर फाड, पण फाडायच्या आधी माणूस वाचतो तरी.

अक्षराला हसू नकोस. सातवीत शाळा सोडली तेव्हाही माझे काही मोती सांडत नव्हते, पण या वेळी जरा जास्तच वाकडं आलंय. दोन ओळी लिहायच्या, थांबायचं, असं चाललंय. माझ्या खोलीतला तौफीक सुट्टीवर गावी निघालाय, त्याच्या हाती देतो. तू काही विचारलंस तरी तो सांगणार नाही, मी कसम घातलीय. उगाच त्याला बिर्याणी खाऊ घालून बोलतं करू नकोस.

तुझी मासळीची फॅक्टरी गणपतीत बंद पडली, तेव्हा कामगार विम्याच्या ऑफिसात जा असं मीच म्हणालो होतो. इतकी वर्षं पगारातून कापून घेतलं, आता काम गेलेल्या माणसाला तीन महिने निम्मा पगार देतात तर सोडायचा कशाला? तू म्हणालीस, पण मी सकाळचे चार तास काजूला जाते, मग मी बेकार कशी? मी हसलो होतो तुला. म्हणालो, चार तास म्हणजे काय काम झालं? शेठ रोख देतो, हजेरीत तुझं नाव नाही, कोण बघतंय? सध्या कुठंही काम करत नाही असं लिही नि सही ठोक. निदाच्या नर्सिंगची फी काय तो ऑफिसातला साहेब भरणार आहे? तू विचाराला दोन दिवस घेतलेस. मग म्हणालीस, ठीक आहे, धाकटा असून शहाणा झालास, तू म्हणतोस तसं करते. त्या ‘ठीक आहे’नं मला झोप नाही बघ.

इथलं, आखातातलं विचारशील तर थंडी अजून यायचीय, पण धग गेली. आणि तू बरोबर पकडलंस, उन्हाळा संपला तरी हा दुपारी फोन कसा करतो. उन्हाळ्यात मी सांगितलं होतं की इथं दुपारचं काम बंद ठेवायचा कायदा आहे. आहे, पण तो उघड्यावरच्या कामाला. आमचं ॲल्युमिनियमच्या खिडक्यांचं दुकान पत्र्याखाली, आम्हाला कुठला कायदा? खरं असं आहे की रमजान संपल्यापासून अम्गऱ्यातल्या, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या वस्तीतल्या, आमच्या दुकानाला ऑर्डरच नाहीत. सकाळी चार तास काम, मग शटर खाली. पगारही निम्मा. कागदावर मात्र सगळा पूर्ण. पूर्ण पगार बँकेत पडतो, आम्ही एटीएममधून काढतो आणि निम्मा मंदूबच्या हातावर परत ठेवतो. मंदूब म्हणजे कंपनीचे परवान्याचे कागद सरकारात फिरवणारा माणूस. हबीबी हबीबी करतो, नोटा मात्र थुंकी लावून मोजतो. नाही दिल्या तर अकामा वाढवणार नाहीत, मग इथं राहता येत नाही, उचला बोचकं. म्हणजे सरकारच्या लेखी मी दिवसभर दुकानात असतो.

मग तुला दर महिन्याला साठ दिनार कुठून येत होते, ते तू विचारलं नाहीस, मीही सांगितलं नाही. दुपारी दोन गल्ल्या सोडून भंगाराच्या यार्डात जायचो. वायर सोलायची, पत्रा कापायचा. तिथंही रोख, तिथंही हजेरीत नाव नाही, कोण बघतंय! मला वाटायचं, काय डोकं लढवलंय हमजानं. फक्त तपासणीची गाडी गल्लीत वळली की आम्ही मागच्या भिंतीवरून उड्या टाकायचो. आपण दोघं लहानपणी आंबे पाडून पळायचो ना, तसंच, पण इथं सापडलं तर कान पिळून सोडत नाहीत. खोलीवर जेवताना बाहेर गाडी थांबली तरी घास तोंडात फिरत राहायचा. तू फोनवर हसायचीस की दोन शब्द बोलून ठेवतोस, मोठा बिझी माणूस झालास. बिझी कसला, घाबरलेला.

आता नीट बसून वाच, आणि अम्मीला लगेच सांगू नकोस. व्हिडिओ लावला की मी तुला छताचा पंखा दाखवायचो, कारण उजव्या हाताला पट्टी आहे. यार्डातल्या कटरनं करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नेलं. उरलेल्या बोटांत पेन धरून हे लिहितोय. जखम भरत आलीय, रडू नकोस. दवाखान्यात सांगलीची एक सिस्टर होती, प्रभाताई. कुठं लागलं म्हणाली, मी म्हणालो खोलीच्या दारात सापडलं. ती म्हणाली, दारानं असं होत नाही रे बाळा, खरं सांग, कामावर लागलं असेल तर भरपाई मिळते. आपा, मला सांगताच येईना. दुकानात लागलं म्हणावं, तर मंदूब म्हणतो तेव्हा शटर बंद होतं. यार्डात म्हणावं, तर यार्डवाला म्हणतो ह्याला मी ओळखत नाही, आणि परवान्याशिवाय तिथं राबलो म्हणून आधी मलाच विमानात बसवतील. त्या दुपारी मी कुठंच नव्हतो बघ. बोटं गेली, पण ती कुणाच्याच कामावर गेली नाहीत. तू मंगळवारी ऑफिसात सही करायला जाणार. काजूचं कटर मी बघितलंय, पायानं दाबायचं आणि बोटानं बी सरकवायची. त्या चार तासांत मी घरीच होते असं तू लिहून दिलंस आणि उद्या तिथं काही झालं, तर तुझा हात कुणाच्या नावावर लावायचा? सही करू नकोस. साहेबाला सरळ सांग, चार तास जाते. भत्ता कापला तर कापू दे, नाही दिला तर नाही. आणि शेठला म्हण, चार तास तर चार तास, पण हजेरीत नाव लाव. निदाच्या फीचं मी बघतो, कसं ते अजून सुचलं नाही. यार्ड सुटलं. दुकानातून अजून काढलेलं नाही, सकाळी खिडक्यांना रबर बसवतो, तेवढं जमतं. भाडं नि जेवण जाऊन जे उरलं ते तौफीककडे दिलंय. पाकीट पातळ लागलं म्हणून त्याच्यावर संशय घेऊ नकोस.

तुझाच, अजून तुझ्या शिव्यांचा हक्कदार,
हमजा

ता.क. या वेळी साठ नाहीत. यातलं मंदूबला किंवा कुणालाच काही परत द्यायचं नाही, एवढं मात्र खरं. अठरा दिनार आहेत.