समुद्रातल्या लेकराचं बारसं

श्री

पणजी, ता. ४ डिसेंबर १९७२

ती. अक्काच्या चरणी रामहरीचे शि. सा. न. वि. वि.

बोटीवरून सुखरूप उतरलो. जमीन अजून पायाखाली डुलते आहे. जेवायला जाताना मी असा झुलत चालतो, की खाणावळीची मालकीण दर वेळी माझ्या तोंडाचा वास घेऊनच ताट वाढते.

तुला एक गंमत सांगायची आहे. समुद्राच्या पाण्यात एक शेवाळ असतं. आपल्या बारवेच्या पायऱ्यांवरचं नव्हे. हा एकेक जीव इतका बारीक, की मोहरीच्या दाण्यावर हजारो बसतील. पाण्यात विरघळलेला चुना ओढून घेऊन तो त्याच्या गोल चकत्या घडवतो आणि अंगभर लावून बसतो. आमचा धंदा म्हणजे त्या चकत्या बघून जात ओळखायची. कड कशी आहे, मध्ये भोक आहे की जाळी, एवढ्यावर आम्ही भांडतो आणि पगार घेतो.

कारवारजवळच्या पाण्यात असा एक सापडला आहे, की त्याची चकती आजवर छापलेल्या कुठल्याच चित्राशी जुळत नाही. आमच्या साहेबांनी आधी नाक मुरडलं, मग मुंबईहून मोठ्या यंत्रावर फोटो काढून आणले आणि शेवटी कबूल केलं, की हा नवाच आहे. आता याचं नाव मी ठेवायचं!

नियम मजेशीर आहेत. स्वतःचं नाव ठेवता येत नाही. वर्णन लॅटिनमध्ये लिहावं लागतं, म्हणून इथल्या एका म्हाताऱ्या पाद्रीबाबांना गाठलं आहे. माझं लॅटिन वाचून ते पोट धरून हसतात. लेख आमच्या संस्थेच्या अंकात येतो आहे, नावाची जागा तेवढी मोकळी ठेवली आहे. वीस तारखेला मी पुन्हा बोटीवर जाणार, त्याआधी काही सुचव. लेकराचा फोटो सोबत आहे.

दाजींना नमस्कार. तिकडे पाणी आटलं तरी माया आटू देऊ नये, ही विनंती.

तुझा
रामहरी

---

श्री

तलवाडा, ता. १८ डिसेंबर १९७२

चि. रामहरीस अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मिळालं, पण माझ्याआधी गावाला मिळालं. पोस्टमन सगळं टपाल सोसायटीच्या ओट्यावर टाकतो. तिथे आमचे चुलतसासरे सुंदररावमामंजी चेअरमन. त्यांनी पाकीट फोडून चष्मा लावला आणि चार माणसांत मोठ्यानं वाचून काढलं. खाणावळवालीचं तर दोनदा वाचलं म्हणे.

इकडची तऱ्हा तुला ठाऊकच आहे. तुझे दाजी नगरकडच्या कारखान्यावर ऊसतोडीला गेलेत. मी दुष्काळी कामावर खडी फोडते, दुपारी खायला सुकडी मिळते. रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी थापताना अशी चिरते, की तुझ्या त्या चकत्या बऱ्या. माणसांचं कसंही निभतं, हाल म्हशीचे आहेत. सोसायटीचा चारा डेपो निघालाय, पण आमचा नंबर आला की कडबा संपतो. दाजींनी मागच्या निवडणुकीत मामंजींच्या विरोधात हात वर केला होता, त्याची ही फेड. म्हशीच्या बरगड्या आता लांबूनही दिसतात. अजून पंधरा दिवस असेच गेले तर ती दावणीलाच बसेल.

आता पुढचं ऐक. चेअरमनपदाची निवडणूक पुन्हा आलीय आणि समोर भगवानराव उभे आहेत. तुझं पत्र वाचल्यापासून मामंजींनी एकच धरलंय. मला बोलावून म्हणाले, सूनबाई, तुझ्या भावाला लिव्ह, त्या जिवाला सुंदरराव नाव दे म्हणावं. दर्यात नाव झालं तर भगवान्याची काय टाप हाय. वर हळूच म्हणाले, नाव झालं की कडब्याचं बी बघू. मी सांगून पाहिलं, की ते शेवाळ आहे. तर म्हणाले, असू दे, लई कामाचं दिसतंय.

मग मीही फासा टाकला. म्हटलं, नाव ठेवायचा मान आत्याचा. रामहरीचं लेकरू म्हणजे मी आत्या, मी घेईन तेच नाव. रीत म्हणजे रीत. त्यांनी लगेच दहा जानेवारीला बारसं ठरवलं, सोसायटीच्या ओट्यावर, पाळण्यात फोटो ठेवून! घुगऱ्यांचं आमंत्रण गावभर गेलंय.

तेव्हा बाबा, लाज वाटली तरी सुंदरराव ठेव. आत्याची परवानगी आहे. म्हैस वाचली तर तुझ्या सगळ्या शेवाळांना दूध पाजीन.

तुझं लग्न जमेपर्यंत तरी माझ्यावरच लोभ ठेव.

तुझी
अक्का

---

श्री

तलवाडा, ता. १९ डिसेंबर १९७२

चि. रामहरी यांसी सुंदरराव चेअरमन यांचे आशीर्वाद.

काल सोसायटीच्या बैठकीत आपल्या समुद्री शोधाबद्दल अभिनंदनाचा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. नावाबाबत सूनबाईंनी लिहिले असेलच. आम्ही स्वतःहून काही सांगणे बरे दिसत नाही. तथापि सुंदर हा शब्द लॅटिनमध्येही चांगला दिसेल असा सर्वांचा अंदाज आहे. त्या जिवाचा माणसाला काय उपयोग, हे दोन ओळींत कळवावे, सभेत सांगावे लागते. नसल्यास काहीतरी कळवावे.

आपली कृपा असतेच, ती या महिन्यात थोडी अधिक असावी.

सुंदरराव

---

श्री

पणजी, ता. ३ जानेवारी १९७३

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

काल बोटीवरून आलो तर तुझं आणि मामंजींचं पत्र एकदमच हाती पडलं. वाचून आधी पोट दुखेपर्यंत हसलो आणि मग कपाळाला हात लावला. अक्का, उशीर झाला गं. वीस तारखेला निघण्यापूर्वी मी नाव देऊन बसलो. अंक छापूनही झाला. छापून आलेलं पहिलं नाव कायमचं, हा आमच्या धंद्यातला सगळ्यात कडक नियम आहे. पुढे मला पश्चात्ताप झाला, साहेबांनी आदळआपट केली, तरी ते कुणालाही बदलता येत नाही.

मी तुझं नाव दिलं आहे. सासरचं सरस्वती नव्हे, माहेरचं, आपल्या युसूफ वडगावचं. दगडाबाई. पुढे बाईच्या नावाचं लॅटिन शेपूट आहे. पाद्रीबाबांनी अर्थ विचारला. मी सांगितलं, की आधीची दोन लेकरं गेली, म्हणून तिसरीला दगड म्हटलं, म्हणजे मरण तिच्याकडे ढुंकून बघणार नाही. ते हसायचे थांबले. नुसत्या पाण्यातून चुना गोळा करून स्वतःला सावरणारा जीव बघितल्यावर मला दुसरं नाव सुचेचना.

पण आता म्हशीचं काय? बारसं कसंही करून रद्द कर. आजारी पड, माझ्यावर काहीही ढकल. मामंजींना मी सुचेल ते लिहितो.

रागावलीस तरी चालेल, फक्त बोलणं टाकू नकोस.

तुझा
रामहरी

---

श्री

तलवाडा, संक्रांत, १४ जानेवारी १९७३

चि. रामहरीस अक्काचे अनेक आशीर्वाद. तिळगूळ घे, गोड बोल. वि. वि.

तुझं पत्र बारशाच्याच सकाळी आलं. या वेळी मी वेशीतच पोस्टमनला गाठलं होतं. ओढ्याच्या कडेला बसून वाचलं. आजारी पडायला वेळ नव्हता, घुगऱ्या शिजल्या होत्या.

ओट्यावर सगळा गाव लोटला होता. पाळण्यात तुझा फोटो, त्याला काजळाची तीट लावलेली. म्हाताऱ्या भिवराबाईंनी वाकून बघितलं आणि म्हणाल्या, बाळ चाळणीवानी दिसतंय, पण गुटगुटीत हाय. मामंजी नवा फेटा बांधून पाळण्याशेजारीच उभे. भगवानरावही आले होते, हसायला.

बायकांनी मला पुढं ढकललं. पाळण्यावर वाकून कुर्रर्र केलं आणि म्हटलं, दगडाबाई.

मामंजींनी विचारलं, ही कोन? मी म्हटलं, मी. माझं माहेरचं नाव. आणि त्यांचं तोंड उघडायच्या आत पदर सावरून मोठ्यानं सांगितलं, की आमच्या मामंजींचं मन किती मोठं बघा. समुद्रात स्वतःचं नाव होत होतं, तरी ते मागं सारून त्यांनी सुनेचं नाव पुढं केलं. असा चेअरमन दुसरीकडे असला तर दाखवा. सुनेच्या म्हशीला आजच कडबा देतो, असंही त्यांनी कबूल केलंय.

रामहरी, तो चेहरा बघायला तू हवा होतास. आधी लाल, मग पांढरा. तेवढ्यात भिवराबाई डोळे पुसत म्हणाल्या, माझं बी माहेरचं नाव दगडाच व्हतं गं, इथं कुनाला ठावंच न्हाई. मागून कुणी धोंडाबाई निघाली, कुणी नकुशी. बायकांचा कालवा उठला आणि मामंजींनी वारं ओळखलं. फेटा नीट केला आणि म्हणाले, व्हय, आमचाच इचार व्हता. टाळ्या पडल्या. भगवानराव घुगऱ्या न खाताच गेले. संध्याकाळी कडब्याच्या पेंढ्या दारात आल्या आणि म्हैस रात्रभर कुरुकुरु चावत होती. काल मामंजी निवडून आले. आज तिळगूळ द्यायला गेले, तर म्हणाले, सूनबाई, तू आमच्या पार्टीत ये.

आता खरं सांगते. तुझा राग आला होता. दगडा म्हणून शाळेत पोरी चिडवायच्या, ते मी विसरले नव्हते. लग्नात तुझ्या दाजींनी ताटातल्या तांदळावर अंगठीनं सरस्वती लिहिलं, तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. एका बोटानं जुनं नाव पुसलं गेलं. पण आई गेली आणि मग त्या नावानं हाक मारणारं कुणीच उरलं नाही. त्या दिवशी पाळण्यावर वाकले तेव्हा इतक्या वर्षांनी ती हाक माझ्याच तोंडून आली. जिचं नाव घेत होते तिची मला फार आठवण आली.

छापलेलं नाव कुणालाच बदलता येत नाही, हे नक्की ना? नीट विचारून घे.

मायेत कसर करू नकोस. आणि उत्तर पाठवशील तेव्हा पाकिटावर दगडाबाई असंच लिही. पोस्टमनला मी सांगून ठेवलंय, की या नावाची बाई याच घरात राहते.

तुझी
अक्का