दोनशेची सरळ रेषा

४ नोव्हेंबर
इंजिनचा लोड म्हणजे काय ते आज कळलं. थोडंसं. मला वाटायचं पेडल जितकं दाबलं तितका लोड. चूक! पेडल तसंच धरून गाडी चारोटीच्या पुलावर चढवली, तर लॅपटॉपवरचा लोडचा नंबर वाढला. इंजिन एका दमात किती हवा घेतं, तो लोड. सेन्सर हवेचं प्रेशर वाचतो, कॉम्प्युटर त्यावरून पेट्रोल सोडतो. टर्बो हवा दाबून भरतो म्हणून नंबर शंभरच्या वर.

गाडी मनिषदादाची. जहाजावर जाताना चावी देऊन म्हणाला, "चालव, धू, पण बॉनेट उघडायचं नाही." महिनाअखेरीला येतोय. पण मी बॉनेट कुठे उघडतेय? लॅपटॉपची केबल तर स्टेअरिंगखाली लागते.

५ नोव्हेंबर
फिश टँकच्या नळीवरचा, हवा कमी-जास्त करायचा हिरवा नॉब गायब होऊन महिने झाले, तरी बाबांचा संशय माझ्यावरच. "घरात पक्कड घेऊन फिरणारी एकच आहे, दक्षा." मासे बिचारे उकळत्या पाण्यात असल्यासारखे फिरतात.

९ नोव्हेंबर
पेट्रोल-स्पार्कचे माझे आकडे, म्हणजे माझी फाइल, गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये टाकली! स्पार्क जरासा आधी, बाकी फार काही नाही. कंपनीची ओरिजिनल सेव्ह आहे. तलासरीचा अमृत, माझ्या कॉलेजचा, लॅपटॉप मांडीवर घेऊन बाजूला. सकाळचा रिकामा हायवे, थर्ड गिअर, फुल पेडल. एवढी जोरात आधी पळवलीच नव्हती. प्रेशर दोनशेला गेलं आणि तिथेच राहिलं. ग्राफ एकदम सरळ.
"इस्त्री मारल्यासारखी रेषा आहे," अमृत म्हणाला.
दिवसभर त्या ग्राफचा फोटो बघतेय.

१२ नोव्हेंबर
चढावर आवाज. डब्यात खडे हलवल्यासारखा. नॉकिंग, म्हणजे आत पेट्रोल भलत्या वेळी पेटतंय.
अमृतला फोन केला. "पण रेषा सरळ आहे ना?"
आहे. मग?

१४ नोव्हेंबर
वाडीत चिकू तोलत होते. धाकलीने स्प्रिंगच्या काट्याला दोन क्रेट एकदम टांगले. आई ओरडली, "अगं, काटा तळाला टेकलाय, काढ एक!"
मी तिथेच उभी राहिले. आमचा सेन्सर दोनशेपर्यंतच वाचतो. ती रेषा स्थिर नव्हती — टेकली होती! वरची हवा कॉम्प्युटरला दिसतच नाही, तो दोनशेपुरतंच पेट्रोल देतो. हवा जास्त, पेट्रोल कमी. असंच चालवलं तर पिस्टन वितळतो.
दादाचा पिस्टन.

१५ नोव्हेंबर
ओरिजिनल फाइल परत टाकली. खडे कमी वाजले. रेषा तशीच, दोनशेला टेकलेली. कंपनीच्या फाइलवर एवढी हवा येतेच कुठून?
अमृत म्हणाला, "तू काहीतरी तोडलंयस."
जेवण गेलं नाही. आई विचारते, "पेपर वाईट गेला का?"

१६ नोव्हेंबर
नुसत्या येरझारा. बॉनेटकडे बघते, परत घरात येते.

१८ नोव्हेंबर
उघडलं.
टर्बोपासून एक बारीक रबरी नळी जाते. तिच्यातलं प्रेशर एक झडप उघडतं आणि टर्बोला आवरतं. त्या नळीला मध्येच कापून जोड दिलेला. वर काळी टेप, टोक नीट दुमडलेलं — चार्जरची वायर असो नाहीतर क्रिकेटची बॅट, आमच्या घरात टेप अशी एकच माणूस लावतो. टेप सोडवली. आत हिरवा नॉब, अर्धा उघडा. हवा तिथूनच गळत होती, झडपेपर्यंत पुरी पोचतच नव्हती, म्हणून टर्बो मोकाट.
बॉनेटचा दांडा धरून बराच वेळ उभी होते. हसू पण येईना.
नवीन अखंड नळी लावली. चारोटीपर्यंत जाऊन आले. एकशेऐंशी, थोडी खाली, परत वर. वाकडीतिकडी रेषा. खडे नाहीत.
नॉब टँकवर लावला. बाबा म्हणाले, "बघ, होता ना तुझ्याकडेच."
पक्कड खणात ठेवून दिली.

२० नोव्हेंबर
दादाचा फोन, जहाजावरून.
"बॉनेट उघडलं नाहीस ना?"
"नाही. तू?"
पलीकडे दार लोटल्याची करकर. मग एकदम हळू आवाजात, "बाबांना सांगितलंस?"