दोनदा बंद केलेली फाइल

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ९.४०
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद कोणी ठेवत नाही आणि मग मागाहून लोक काहीही बोलतात.
परिस्थिती अशी. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये माझा प्रोग्राम चालतो. तपासणीची मशीन आकडे पाठवतात, प्रोग्राम ते फाइलीत उतरवतो आणि रिपोर्ट छापतो. एकेका पेशंटच्या चार-चार फाइली: रक्त, साखर, लिव्हर, किडनी. सतरा तारखेला आणखी दोन लॅब जोडायच्या आहेत. तोवर प्रोग्राम नीट चालला तर नवीन विभागाचा प्रमुख मी. साहेबांनी शब्द दिलाय. म्हणजे, बघू म्हणाले. त्यांचं बघू म्हणजे हो असतं.
संकल्प: कोणावर चिडायचं नाही. लिफ्ट बंद, जिना चालू. चूक झाली तर आधी स्वतःकडे बघायचं. (शेवटचा कधी लागणार नाही, पण यादीत शोभतो.)

४ नोव्हेंबर, मंगळवार. ११.३०
प्रोग्राम थांबला. लॅबच्या मॅडमचा फोन. स्क्रीनवर आलंय की म्हणे फार फाइली उघड्या आहेत. म्हटलं, बंद करून चालू करा. चालू झाला.
मॅडमनी विचारलं की हे रोज करायचं का. चिडलो नाही. फोन ठेवून मग चिडलो.
लिफ्टने गेलो. हातात लॅपटॉप होता.

५ नोव्हेंबर, बुधवार. दुपारी १२.१०
पुन्हा थांबला. ११.२५ ला.
प्रोग्रामच्या चुका शोधणाऱ्या आमच्या टेस्टरबाई टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. ऑफिसात त्यांना टोचणी म्हणतात. नाव मीच ठेवलंय. सकाळी सातपासून दर दहा मिनिटांनी उघड्या फाइली मोजून कागदावर लिहून आणल्या होत्या. आकडा फक्त वर जातो, खाली येतच नाही म्हणाल्या. प्रत्येक उघड्या फाइलीला कॉम्प्युटर एक नंबर देतो, असे नंबर १०२४, ते संपले की प्रोग्राम बसतो. सर, तुम्ही उघडता आणि बंद करत नाही, असं तोंडावर.
अठरा वर्षं फाइली उघडतोय मी!
वर सल्ला. भाषेसोबत जी लायब्ररी येते तिच्यात फाइल उघडायचा एक सोपा मार्ग आहे, काम संपलं की ती आपली आपण बंद होते, तो वापरा. तो नवशिक्यांसाठी असतो हो. मी थेट नंबर हातात घेणारा माणूस. स्वयंपाक येणाऱ्याने तयार पीठ आणायचं का?
उपाय शोधला. मर्यादा १०२४ ची २०४८ केली. विषय संपला.
टोचणी जाता जाता म्हणाल्या की रोग रेड्याला, औषध पखालीला. दुर्लक्ष केलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार. संध्याकाळी ४.१५
आज ११.२५ ला थांबला नाही!
पावणेचारला थांबला. प्रगती आहे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार. दुपारी ३.००
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. पाच मिनिटांत बाहेर आलो. त्यांचं म्हणणं नोंदवण्यासारखं नाही. थोडक्यात, सोमवारी थांबला तर सतराला माझी गरज नाही. म्हणजे सतराला की एकंदरीतच, हे विचारायचं राहिलं. घरी सांगणार नाही.

५.३०
ठीक आहे. बंद करा म्हणता ना, बंद करतो. काम संपल्यावर एकदा बंद. बाहेर पडताना पुन्हा एकदा बंद. टोचणीला तोंड उघडायला जागा ठेवली नाही. एकदा बंद केलेलं दुसऱ्यांदा बंद केल्याने कोणाचं काय जातं?
दुसऱ्या वेळी एरर येतो की असा नंबर उघडाच नाही. साहजिक आहे. सगळे एरर गप्प केले. आता स्क्रीन कशी शांत आहे.
टोचणींनी तपासायला दोन दिवस मागितले. दिले नाहीत. दोन दिवस आहेत कोणाकडे?

१० नोव्हेंबर, सोमवार. संध्याकाळी ६.००
दिवसभरात एकदाही थांबला नाही!! साहेबांनी पाठीवर थाप मारली. जोरात मारली. अजून जाणवतेय.
एक बारीक कुरबूर. काही रिपोर्टमध्ये एखादा विभाग कोरा येतो, कागद अर्धवट दिसतो, असं मॅडम म्हणाल्या. सतराच्या तोंडावर अर्धवट कागद बरा नाही. दहा मिनिटांत सोय केली: आकडा आलाच नाही तर तिथे 'मर्यादेत' छापायचं. विचारपूर्वक केलंय. काही वाईट असतं तर मशीनने आकडा दिला असता. दिला नाही, अर्थात काही वाईट नाही.
मॅडमना वेगळं सांगितलं नाही. त्यांना आधीच खूप कामं असतात.

११ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी १०.३०
स्वतःचं रक्त दिलं. साहेबांना आवडेल: ज्याने बनवला त्यानेच विश्वास दाखवला. बायको शाळेत गणित शिकवते, तिला प्रत्येक गोष्टीत काहीतरी दिसतं. तिचं म्हणणं, हात दाखवून अवलक्षण कशाला. तरी स्वतः होऊन गेलो.
रांगेत माझ्यापुढे एक शिंपीकाका होते. सत्तरीचे. खूप थकवा येतो म्हणून मुलीने पाठवलंय म्हणाले. माझ्या शर्टाचा खांदा चिमटीत धरून बघितला आणि इंचभर मोठा आहे म्हणाले. नवीन शर्ट आहे. लोकांना धंद्यापलीकडे काही दिसत नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार. ११.५०
रिपोर्ट आला.
किडनीचा आकडा, क्रिएटिनिन: ६.८. असायला हवा १.२ च्या आत.
पोटॅशियमही वाढलंय.
बाकी सगळं ठीक.

१.१५
कंबर दुखतेय. सोमवारची थाप समजत होतो.

४.४०
शोधून वाचलं. वाचायला नको होतं. घोटे सुजल्यासारखे वाटतात. मोज्यांचे वळ उठलेत. हे वळ आधीपासून होते का? माणूस आपल्या घोट्यांकडे किती दुर्लक्ष करतो!

१३ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी ८.३०
बायकोला सांगितलं. ती आधी खाली बसली. मग उठून रिपोर्ट हातात घेतला, दोनदा वाचला आणि विचारलं की हा आकडा मशीनचा का तुमचा. म्हटलं एकच आहे. म्हणाली एकच असेल तर दुसऱ्या लॅबमध्ये पुन्हा तपासू या, काय बिघडतं.
काय बिघडतं? पुन्हा तपासणं म्हणजे प्रोग्राम चुकला असं म्हणणं. चार दिवस राहिलेत. ज्याने बनवला तोच दुसऱ्या लॅबमध्ये गेला, हे साहेबांच्या कानावर गेलं तर?
प्रोग्राम बरोबर आहे. त्यामुळे मी आजारी आहे. एवढं साधं तिला कळत नाही आणि मुलांना गणित शिकवते.

१२.००
किडनीच्या डॉक्टरांकडे. तपासलं, दाबलं, जीभ बघितली. म्हणाले तुमच्याकडे बघून ६.८ वाटत नाही, दुसरीकडे रक्त द्या. उंटावरचे शहाणे. बघून आजार कळत असते तर आम्ही प्रोग्राम कशाला लिहिले असते?
जिना चढलो नाही. आता चढण्यात अर्थ नाही.

५.००
कपाटाच्या किल्ल्या, बँकेचे पासवर्ड, गॅसचा नंबर एका कागदावर लिहून ठेवले. लिहिताना डोळ्यात पाणी आलं. मला भीती वाटतेय. फार वाटतेय. इथे दुसरं कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळी ८.००
तो कागद बायकोला सापडला. रिक्षा बोलावली. दुसऱ्या लॅबमध्ये रक्त दिलं. तिच्या समाधानासाठी.

१२.२०
०.९!
पोटॅशियम उत्तम. सगळं उत्तम. मी जगणार!! बायको रडली. मीही. तिच्यापेक्षा जास्त.
दोन दिवस पाणी भरपूर प्यायलो होतो. किडनी इतक्या लवकर सुधारते असं कुठे वाचलं नाही, पण माझी मुळातच प्रकृती

१२.२५
वरचं वाक्य पुरं करत नाही. बायकोने डोळे पुसले आणि विचारलं की मग ते ६.८ कोणाचं.

२.१०
ऑफिस. टोचणींसमोर दोन्ही रिपोर्ट ठेवले. त्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.
त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. सामान ठेवायच्या खोलीत बिल्ला देतात तसा फाइलीचा नंबर. तुम्ही सातचा बिल्ला परत केला की तोच सात पुढच्याला मिळतो. तुम्ही पुन्हा येऊन सात रिकामा करा म्हणालात, तर आता तिथून दुसऱ्याचं सामान बाहेर पडतं. त्याला पत्ताच नाही. मग सात तिसऱ्याला दिला जातो. दुसरा अजून सातलाच आपला समजून त्यात सामान टाकत राहतो. ते पडतं तिसऱ्याच्या खणात. एरर ओरडून सांगत होते, सर, पण ते तुम्ही गप्प केलेत.
तिसरा मी.
म्हटलं, दुसरा कोण. त्यांनी मंगळवारची वेळ काढली. माझ्या लगेच आधीची किडनीची फाइल. कोरी.
त्या माणसाला छापून दिलेला कागद उघडला. किडनी: मर्यादेत. पोटॅशियम: मर्यादेत.
शिंपीकाका.

२.३०
फोन लागत नाही. मॅडमना कळवलं. त्यांनी सगळे रिपोर्ट थांबवले आणि दहा तारखेपासूनचे एकेक पडताळायला घेतले. पोटॅशियमचा आकडा ऐकून म्हणाल्या की असा माणूस चालता चालता जाऊ शकतो, हृदय बंद पडतं, तुम्ही अजून फोनवर का आहात. साहेब म्हणत होते आधी माझ्याशी बोला. थांबलो नाही. कागदावर दुकानाचा पत्ता होता.

५.५०
आता हॉस्पिटलच्या बाकावर लिहितोय.
दुकान उघडं होतं. काका मशीनवर बसले होते, पाय सुजून पायडलवर मावत नव्हते. मला ओळखलं. शर्ट बारीक करायला आलात का विचारलं. थकवा तसाच आहे म्हणाले, पण रिपोर्ट स्वच्छ आलाय, आता कामचुकारपणा नको. मुलगी ताकद यावी म्हणून रोज चार केळी चारतेय. पोटॅशियम. केळ्यात तेच असतं. ती बाजूलाच उभी होती, एक सोलून हातात.
तिच्या हातातून हिसकावून घेतलं. तिला मी वेडा वाटलो असेन.
टॅक्सीत काकांनी दोनदा विचारलं की झालंय काय. दोन्ही वेळा मशीनची चूक म्हटलं. काका म्हणाले मशीन बिचारं, जुनं झालं असेल.
डॉक्टरांनी स्ट्रेचर धावतच आत नेलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी ११.००
वाचले. डायलिसिस चालू आहे. तीन दिवस आधी आले असते तर, एवढं बोलून डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले.
मॅडमना आणखी दोन चुकीचे रिपोर्ट सापडले. दोन्ही माणसं ठणठणीत आहेत. त्यांना घरी जाऊन सांगितलं.
काकांच्या मुलीने माझे हात धरले. ऑफिसचा माणूस स्वतः धावत येतो, असं कोण करतं आजकाल, म्हणाली. चहा आणून दिला तिने. प्यायलो.

१७ नोव्हेंबर, सोमवार. दुपारी ४.३०
सतरा तारीख. नवीन लॅब जोडल्या नाहीत. टोचणींनी माझ्या ओळी काढून तो सोपा मार्ग घातला, आपली आपण बंद होणारा. आता महिनाभर तपासणार, मग जोडणार. प्रमुख त्या. साहेबांनी मला रजा घ्या म्हटलं. किती दिवस ते सांगितलं नाही. बघू म्हणाले. आता त्या शब्दाचा अर्थ कळला.
हॉस्पिटलमध्ये गेलो. काका उशीला टेकून बसले होते, मुलगी शेजारी. त्यांनी आधी माझाच रिपोर्ट विचारला. तुम्हीही त्या दिवशी रक्त दिलं होतं ना, कसा आला? नॉर्मल म्हटलं. बरं झालं म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले.
मग सांगितलं. सगळं. बिल्ल्याचं उदाहरण देऊन. मला समजायला आठ दिवस लागले, काकांना एका दमात समजलं. मुलगी मान खाली घालून ऐकत होती. काका म्हणाले, गडबड होते माणसाकडून, माझ्याकडूनही बाह्या उलट्या लागल्यात. मला हलकं वाटलं. उठणार होतो.
तेवढ्यात मुलीने पर्समधून तो रिपोर्ट काढला. घडी घालून जपून ठेवला होता. बाबांची फाइल कोरी होती ना, तिने विचारलं. हो म्हटलं. मग इथे मर्यादेत कोणी लिहिलं?
मी म्हटलं, मी.
मशीनने नाही?
नाही. मी.
काकांनी डोळे मिटून घेतले. मुलीने मला बाहेर जायला सांगितलं. गेलो.