वारा उलटाच राहो

प्रिय देरिएन,

वारा फिरला की इंग्रज तुला घेऊन गलबत हाकारतील, हे तुझे पत्र पोचले. तुझे लॅटिन अजून तसेच आहे. क्रियापद घोड्यासारखे पुढे उधळते आणि कर्ता मागे चिखलात रुततो. कैदेच्या बुरुजात एवढी सवड असताना ते सुधारायला हरकत नव्हती. तरीही तो कागद मी इतक्यांदा उलगडला, की घडीवर विरला आहे.

इकडे तुझ्यावर पोवाडे रचले जात आहेत. त्यांत तू ताडमाड उंच, सोनेरी केसांचा, एकट्याने फौज कापणारा. शाहिराला बोलावून मी खडसावले, की ड्यूक बुटका आहे, त्याला टक्कल पडू लागले आहे, आणि माळावरच्या लढाईत निशाणवाल्याला आपला घोडा देऊन स्वतः पायी राहिला, म्हणून तो सापडला. शाहीर निर्लज्जपणे हसला. "बाईसाहेब, खरं गायलं तर सायडर कोण पाजील?" राज्यारोहणाच्या सकाळी तू वेदीमागे जाऊन ओकलास आणि तोंड पुसून येऊन ठाम आवाजात शपथ घेतलीस, हे त्याच्या पोवाड्यात कुठून यावे? खांबाआडून ते फक्त मी पाहिले होते. ब्रिटनीच्या मुलखाला त्या दिवशी ड्यूक मिळाला. मला कोण मिळाले, ते मी तेव्हाच ओळखले.

ओटची पेज मी हल्ली तुझ्या आवडीइतके खारट लोणी घालून करवते. मला ती मुळीच रुचत नाही. तरी वाडगा रिकामा करते.

बंदरातल्या बायकांची रीत तुला ठाऊक आहे. माणूस समुद्रावर असला की त्या चॅपेलची फरशी झाडतात आणि ती धूळ हवेत उधळतात, म्हणजे वारा त्याला घराकडे घेऊन येतो. तू येणार ही बातमी फुटल्यापासून रोज सकाळी झाडू घेऊन त्या दाराशी जमतात. मी चॅपेलला कुलूप घातले आहे. पेरोनेल कोळीण भर बाजारात ओरडली, "हिला नवरा नकोच आहे गं, गादी हवीय! बाई कसली, धोंडा आहे धोंडा!" आपला म्हातारा किल्लेदार गेगान तिला फटके मारायला निघाला होता. मी त्याला थांबवले. तिच्यापुढे जेवढी माहिती होती, तेवढ्यावरून तिने काढलेला निष्कर्ष बिनचूक होता.

तिला जे ठाऊक नाही, ते तुला ठाऊक असणार. म्हणूनच तू ते लिहिले नाहीस. इंग्रजांचा दूत मला भेटून गेला. तुला ते घरी आणत नाहीत, वेशीपुढे आणत आहेत. गळ्याला सुरी लावून तुझ्याच तोंडून दरवाजा उघडण्याचा हुकूम देववतील. दरवाजा उघडला, तर या गावाचे काय होईल, हे तुझ्याइतके कोण जाणतो? म्हणून वारा उलटाच राहो, अशी प्रार्थना मी करते. तू दूर राहा, पण जिवंत राहा. आणि वारा फिरलाच, तर गेगानला माझी आज्ञा आहे: खुद्द ड्यूकने सांगितले तरी अडसर निघणार नाही. हे तुला बंद दरवाजाकडून नव्हे, माझ्याकडून कळावे, म्हणून एका भिक्षूच्या झग्यात शिवून हे पत्र पाठवते आहे. तटाखालून ते शिकवतील ते सारे बोल. हुकूम दे, विनव, मला शिव्या घाल. मी वर उभी राहून शेवटपर्यंत ऐकेन आणि हलणार नाही. फक्त मला नावाने हाक मारू नकोस. तू गेल्यापासून मी सर्वांची बाईसाहेब आहे. माझ्या नावाने मला कोणीच हाक मारलेली नाही. ती हाक आली, तर मी काय करीन, याची मला खात्री देता येत नाही.

तुझीच,
लेवेनेझ