क्रॅबट्रींमधला एक जण

सोमवार, ४ मार्च
मी क्रॅबट्री नाही. प्रयोगशाळेनं आज टपालानं खात्री करून दिली. डीएनए तपासणीसाठी दरीतल्या ज्या एकोणतीस क्रॅबट्री पुरुषांनी गालातून कापसाचा बोळा फिरवला, त्यांचं बापाकडचं रक्त एक, माझं वेगळंच. सहासष्ट वर्षं हे आडनाव लावलं, त्यातली पस्तीस त्याच नावानं पेपरात सदर लिहिलं!

आडनाव तरी काय, क्रॅबट्री म्हणजे रानसफरचंदाचं झाड; त्यापाशी म्हणे कुणी राहायचा. फळ इतकं आंबट की डुकरंही तोंड वेंगाडतील. त्याला पोरं झाली, पोरांना पोरं झाली, दरी सोडायचा उत्साह कुणालाच नव्हता. आज फोनच्या यादीत आमची दोन पानं आहेत. याला लोकप्रियता म्हणतात.

मंगळवार, ५ मार्च
क्रॅबट्री मंडळाची बैठक. अध्यक्ष डेस्मंड अजून पूर्वज म्हणून सरदारच शोधतोय. सरदार आंबट झाडाखाली काय करत होता, असं मी विचारलं. विश्रांती घेत होता म्हणे.

रविवारी तीन वाजता सफरचंदाचं रोप लावायचं. मान सर्वांत वडीलधाऱ्याचा — म्हणजे आमच्या विल्फचा, वय एक्याऐंशी. थोरला भाऊ माझा. त्याचा निकाल अजून यायचाय. कुणा खापरपणजीनं गोंधळ घातला असेल, तर तोही क्रॅबट्री नाही. सदरासाठी झकास मजकूर! पण विल्फ आठवडाभर परसात फावड्याची तालीम करतोय.

बुधवार, ६ मार्च
मजकूर दिला. विषय: रस्त्यातले खड्डे.

गुरुवार, ७ मार्च
विल्फचा निकाल आला. बाकी क्रॅबट्रींशी तंतोतंत जुळला.

म्हणजे खापरपणजी निर्दोष. आमची आईच.

माझा कागद त्याच्यासमोर ठेवला. त्यानं चष्माही काढला नाही खिशातून.
"गावात मला काय म्हणायचे?"
हॅरीचा विल्फ. एका आडनावाची इतकी माणसं, म्हणून इथं बापाच्या नावानं ओळखायची रीत.
"आणि तुला?"
एडिथचा क्लिफ. आईच्या नावानं. मला वाटायचं, शेंडेफळ म्हणून लाड.
"बाबांना ठाऊक होतं," विल्फ म्हणाला. "तुझं नाव नोंदवायला तेच गेले होते. पावसात, चालत."

सगळ्या गावाला बातमी होती. फक्त बातमीदाराला नव्हती.

शनिवार, ९ मार्च
प्रयोगशाळेचं दुसरं पत्र. इथून अर्ध्या तासावरच्या हॅलिफॅक्सला बापाकडून एक सावत्र भाऊ निघाला. आडनाव स्मिथ — देशात सर्वांत जास्त खपणारा माल! फोन केला. भेटायला तयार आहे, पण उद्या तीनलाच, म्हणजे नेमकं रोप लावायच्या वेळी. सोमवारी तो मुलीकडे कॅनडाला निघतोय, कायमचा.

विल्फला सांगितलं. रोप डेस्मंड लावेल म्हणाला. उद्या अडीचला विल्फच मला न्यायला गाडी घेऊन येतोय.